गडग्यावरची कळलावी: ठेवू की उपटू?

पन्हळ | ११ ऑगस्ट, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज स्वतःच धागा काढायची वेळ आली.

आमचं गाव गुहागर तालुक्यात. घर जुनं, चिऱ्याचं, वर्षातले दहा महिने कुलूपबंद. आमच्या आणि चुलत्यांच्या आगरामध्ये एक गडगा आहे. देशावरच्या मंडळींसाठी सांगते, गडगा म्हणजे चुना-सिमेंट न लावता नुसते दगडावर दगड बसवून रचलेली कुंपणाची भिंत. परवा जोडून सुट्टी आली म्हणून गेले, तर गडग्याच्या अगदी मधोमध, करवंदीच्या जाळीतून एक वेल वर आलेली. माझ्या खांद्याइतकी उंच. पानं लांबट, आणि प्रत्येक पानाचं टोक दोऱ्यासारखं निमुळतं होत होत गोल वळलेलं. त्या टोकांनीच तिने करवंदीला धरून ठेवलंय. फुलं पाच-सहा. एक हिरवट, एक पिवळं, एक खाली पिवळं नि वर लाल, एक नखशिखांत लालभडक. मला आधी वाटलं दोन-तीन वेली एकमेकींत गुंतल्यात. पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, कडा कुरळ्या. चुलीत लाकूड नीट पेटलं की ज्वाळा दिसतात तशा.

फोटो काढत होते तेवढ्यात पलीकडून दादा आला. चुलतभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. म्हणाला, "कळलावी आहे ती. आजच्या आज उपटून टाक. घराजवळ असली की भांडणं लागतात." मी म्हटलं, "दादा, आपली भांडणं हिच्या आधीपासूनची आहेत." तो हसला नाही.

(गडगा कोणाच्या हद्दीत यावरून चौदा वर्षं चाललंय. मोजणी झाली, फेरमोजणी झाली. त्यावर वेगळा धागा निघेल, इथे नको.)

पण माझी आजी याच फुलांना 'गौरीचे हात' म्हणायची. तेरड्याची गौर आणली की दोन्ही बाजूंना ही फुलं खोचायची. गौरीला चालतं ते घराला का चालू नये?

तर प्रश्न असे. ही कळलावीच ना? विषारी म्हणतात ते कितपत खरं? गणपतीला सगळे जमणार आहेत, भाची चार वर्षांची आहे आणि दिसेल ते तोंडात घालते. आणि 'औषधी आहे हो' असंही दोघांनी सांगितलं, ते नक्की कशासाठी?

उंटावरचा शहाणा | ११ ऑगस्ट, रात्री १०:४१

एक फांदी आमच्या सोसायटीला पाठवता का? नको, राहू द्या. वार्षिक सभा परवाच झाली, आता गरज उरलेली नाही.

सड्यावरचा | ११ ऑगस्ट, रात्री ११:५५

फोटो पाहिला. शंभर टक्के कळलावी. खड्यानाग, अग्निशिखा ही तिचीच नावं. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. पूर्वी लिलीच्या कुळात धरत, आता कोल्चिकेसी कुळात.

वेगवेगळ्या रंगांची फुलं म्हणजे वेगवेगळ्या जाती नव्हेत, ती एकाच फुलाची वयं आहेत. कळी हिरवी असते आणि मान खाली घालून असते. उमलताना पाकळ्या मागे वळून वर जातात, मग पिवळा, नारिंगी, लाल असा प्रवास आठवडाभर चालतो. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर. पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाजूला पसरलेले. आता पुढच्या वेळी एक गोष्ट मुद्दाम बघा. स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वळून फुलाबाहेर निघालेली दिसेल. स्वतःचेच परागकण स्वतःवर पडू नयेत म्हणून केलेली सोय वाटते. मोठी फुलपाखरं आणि शिंजीर पक्षी मधाला येतात, त्यांच्या पंखांना-अंगाला पराग लागतो आणि पुढच्या फुलाच्या त्या बाहेर आलेल्या दांडीला पुसला जातो.

पानाचं टोक हाच तिचा हात. द्राक्षाला वेगळे ताणे असतात, हिला नाहीत. पान म्हणूनच ते उगवतं आणि टोकाशी ताण्याचं काम करतं. आधार मिळाला तर पुरुषभर, त्याच्याही वर जाते. नाही मिळाला तर जमिनीवर लोळत राहते, फुलं मग कमी.

आणि गडग्यातच का आली, तर तिला पाणी साचलेलं खपत नाही. कंद कुजतो. दगडांच्या फटीतली माती निचऱ्याची, वर करवंदीचा आधार, गुरांचं तोंड पोचत नाही. यापेक्षा चांगली जागा तिला तुम्ही मुद्दाम लावूनही देऊ शकला नसता. बांध, कुंपणं, झुडपी रानाच्या कडा, समुद्रकाठची वाळूची जमीन, सगळीकडे ती याच हिशेबाने उगवते.

वर्षाचा क्रम असा: मृगाच्या पावसानंतर कोंब, श्रावण-भाद्रपदात फुलं, दिवाळीच्या आगेमागे बोंड तडकून आतल्या शेंदरी-लाल बिया दिसतात, मग वेल वाळून नाहीशी होते. उन्हाळ्यात गेलात तर तिथे काही होतं यावर विश्वास बसणार नाही. पण कंद खाली असतो. तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुबेळका, जुन्या लाकडी नांगराची आठवण करून देणारा. दोन्ही टोकांना एकेक डोळा. दरवर्षी जुना कंद सुकून जातो आणि शेजारी नवा तयार होतो. म्हणजे वेल दर पावसाळ्यात वीतभर सरकते म्हणा ना.

थोडक्यात, ठेवा हो. विषाचं डॉक्टर लोक सांगतीलच.

पन्हळ | १२ ऑगस्ट, सकाळी ७:०५

बापरे, रात्री बारापर्यंत जागून इतकं लिहिलंत! धन्यवाद. वीतभर सरकते हे दादाला सांगायची सोय नाही. हद्द सरकवायला मीच शिकवली म्हणेल.

तिरफळ | १२ ऑगस्ट, सकाळी ९:३०

आमच्याकडे कुडाळ बाजूला म्हातारी माणसं हिचं नाव घ्यायलाही कां कूं करत. लहानपणी मी एक फूल तोडून आणलं, तर आजी ओरडली, "टाक ता भायर, घरात भांडणां लागतली!" आणि मग आतल्या घरात आई आणि मोठी काकी यांचं लागलंच. कारण उघड होतं, फुलावरून आजी ओरडली, आजीवरून काकी बोलली, काकीवरून आई. पण पुरावा म्हणून ते पिढ्यानपिढ्या पुरलं.

कोणाचं वाटोळं करायचं असेल तर हिचा कंद त्याच्या घराच्या आढ्यात नाहीतर कौलांत खोचून येत, असंही ऐकलंय. खोचणारा सापडला की भांडण हमखास होणारच, त्यात वेलीचं काय कर्तृत्व?

गुरांच्या जखमेत किडे पडले की आमचे आजोबा हिचा कंद ठेचून लावत. पोरींच्या डोक्यात उवा झाल्या की पानांचा रस लावणाऱ्या बायकाही होत्या. मात्र जे काही करायचं ते पडवीच्या बाहेर. दगडसुद्धा वेगळा, पाट्यावर कधीच नाही.

रात्रपाळी | १२ ऑगस्ट, दुपारी २:१५

विषाबद्दल मी लिहितो. पेशाने डॉक्टर, तालुक्याच्या गावी अपघात विभागात बरीच वर्षं काढली आहेत.

पन्हळताई, प्रश्न 'कितपत' असा विचारलात म्हणून सरळ उत्तर: माणूस मरतो इतपत. वेलीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं, कंदात आणि बियांत जास्त. ते पेशींचं विभाजन अडवतं. एका पेशीच्या दोन होताना आतमध्ये जे बारीक दोरे तयार व्हावे लागतात ते बनूच देत नाही. म्हणून शरीरात जिथे सतत नवीन पेशी लागतात तिथे पहिला घाव बसतो: आतड्याचं अस्तर, हाडातली मज्जा, केसांची मुळं.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. काही तास माणूस ठणठणीत. मग घशात-पोटात आग, उलट्या, पाण्यासारखे जुलाब. घरच्यांना वाटतं काहीतरी शिळं खाल्लं, मीठ-साखर-पाणी देत बसतात. एक-दोन दिवसांत रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं बसतात, रक्तातल्या पेशी घसरतात. यातून जो वाचतो त्याचे आठ-पंधरा दिवसांनी डोक्यावरचे केस पुंजक्यांनी गळतात. विष उतरवेल असं सहज मिळणारं औषध नाही. पोट धुणं, सलाईन, अवयव सांभाळत वाट बघणं, एवढंच हातात असतं. मी पाहिलेल्या रुग्णाने करांदे (रानातले खायचे कंद) समजून कंद उकडून खाल्ला होता. उकडल्याने विष जात नाही. तो वाचला, पण पंधरवडाभर आम्हाला झोप नव्हती. श्रीलंकेत हिला नियंगला म्हणतात, तिथे रताळं समजून खाल्ल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

हात लावल्याने कोणी मरत नाही. फुलं गौरीला वाहा, नंतर हात धुवा. कंद उकरू नका, उकरलाच तर रस कातडीला लागू देऊ नका, आग होऊ शकते. बोंडं हिरवी असतानाच कात्रीने काढून टाका, कारण लाल बिया मुलांना गुंजांसारख्या खेळायला आवडतात. भाचीने काही तोंडात घातल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता गाडीत घाला, आणि सोबत वेलीचा तुकडा पिशवीत घ्या. पन्नास प्रश्नांचं उत्तर त्या तुकड्यात असतं.

तिरफळ, उवांचं वाचून अंगावर काटा आला. डोकं खाजवून खाजवून जखमा झालेल्या पोरी त्या!

तिरफळ | १२ ऑगस्ट, दुपारी २:४०

मी पण आत्ता तोच विचार करतोय.

गुडघेदुखे | १२ ऑगस्ट, सायंकाळी ६:५०

चांगला धागा. सासऱ्यांचं युरिक अ‍ॅसिड वाढलंय, पायाचा अंगठा सुजतो. कळलावी यावर रामबाण असं एका व्हिडिओत पाहिलं. कंदाचं चूर्ण किती आणि दुधातून की मधातून? आमच्या शेताच्या बांधावर भरपूर आहे.

रात्रपाळी | १२ ऑगस्ट, सायंकाळी ६:५८

नका. नका. नका. एक कंद दुसऱ्यासारखा नसतो, जमीन-हंगाम बदलला की द्रव्याचं प्रमाण बदलतं. सुजेच्या अंगठ्यावर कोल्चिसिन खरंच देतात, पण गोळीत, मिलिग्रॅमच्या अर्ध्यापासून मोजून, मूत्रपिंडं-यकृत आणि चालू औषधं बघून. औषध नि विष यांतलं अंतर इतकं कमी असलेलं द्रव्य चमच्याने मोजायचं नसतं. सासऱ्यांना डॉक्टरकडे न्या आणि तो व्हिडिओ पुढे पाठवू नका.

खलबत्ता | १२ ऑगस्ट, रात्री ९:१०

रात्रपाळींशी वैद्य म्हणून पूर्ण सहमत. वैद्यांचं आणि डॉक्टरांचं पटतं असा धागा विरळा, वाचनखूण साठवून ठेवा.

आयुर्वेदात हिचं नाव लांगली. लांगल म्हणजे नांगर. हलिनी हेही नाव, हल म्हणजेही नांगरच. सड्यावरच्यांनी कंदाचा जो आकार सांगितला त्यावरूनच ही नावं. अग्निशिखा, वह्निवक्त्रा ही फुलावरून. आणि गर्भनुत्, गर्भपातिनी ही कामावरून, म्हणजे जुन्यांना ती काय करते याचा पुरता अंदाज होता. तिची गणना उपविषांत होते. रुई आणि निवडुंगाचा चीक, कण्हेर, गुंजा, अफू, धोतरा यांच्या पंगतीत बसणारी बाई आहे ही. शोधन केल्याशिवाय हात लावायचा नाही: कंदाचे तुकडे दिवसभर गोमूत्रात ठेवून, धुऊन, वाळवून. ते सुद्धा वापर बहुतेक बाहेरून, उदाहरणार्थ मूळव्याधीवरच्या कासीसादि तेलात.

पन्हळताई, 'कळ' म्हणजे इथे भांडण नव्हे. कळ म्हणजे बाळंतपणाची कळ. कळा लावणारी ती कळलावी. बाळंतीण अडली की सुईण कंद उगाळून ओटीपोटावर लेप द्यायची. सुश्रुतसंहितेत, मूल झाल्यावर वार पडत नसेल तर लांगलीच्या मुळाचा लेप तळहात-तळपायांना द्यायला सांगितला आहे. माझ्या पणजीची गोष्ट घरात सांगतात. ती सुईण नव्हती, पण वाडीत हाक आली की जायची. लेप लावायचा आणि शेजारी कोमट पाण्याचा तांब्या, फडकं तयार ठेवायचं. मूल बाहेर आलं की पहिलं काम नाळ नव्हे, तो लेप पुसून काढणं. लेप राहिला तर आतलं सगळंच बाहेर येईल अशी धास्ती. लेपाने कळा खरंच येत की धीर येई, हे आज कोणी छातीठोक सांगू नये. दवाखाना पायी दिवसभराच्या अंतरावर असताना जे हाताशी होतं ते त्यांनी केलं. आज घरी करून बघायची ही गोष्ट नाही.

शब्दकोडं | १२ ऑगस्ट, रात्री १०:०२

खलबत्ता, 'भांडण नव्हे' इतकं ठामपणे म्हणू नका. संस्कृतात हिला कलिहारी म्हणतात, तसंच काही निघंटूंत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांत, कलिकारी असंही नाव येतं. कलि म्हणजे कलह. कलिकारी म्हणजे कलह करणारी. म्हणजे भांडणाचा आळ कोकणातल्या आज्यांनी घातलेला नाही, तो निदान काही शतकं जुना आहे. गंमत म्हणजे हारी म्हटलं तर कलह हरण करणारी असाही अर्थ निघतो. एकाच वेलीला लावणारी पण ठरवलं आणि मिटवणारी पण.

खलबत्ता | १२ ऑगस्ट, रात्री १०:२०

कलिकारीचा मुद्दा मान्य. तरी मराठीत आधी बाळंतपणाची कळ आणि मग 'कळ लावणे' यावरून भांडण, असाच क्रम मला पटतो.

शब्दकोडं | १२ ऑगस्ट, रात्री १०:२६

पटण्याला पुरावा म्हणत नाहीत.

उंटावरचा शहाणा | १२ ऑगस्ट, रात्री १०:३१

फोटो टाकून एक दिवस झाला नाही तोवर लागली पण! वेल अस्सल आहे.

काजळवात | १३ ऑगस्ट, सकाळी ८:४५

रायगडात, आमच्या माहेरी अलिबागजवळ, गौरीला हीच फुलं. हात म्हणूनच. उलट्या वळलेल्या पाकळ्या म्हणजे वर केलेली बोटं, असं आई दाखवायची. पण फुलं आणायला मुलांना पाठवत नसत, मोठ्या बायकाच जात. आणि उरलेली फुलं घरात ठेवायची नाहीत, गौरीबरोबर विसर्जन. लहानपणी ही देवभक्ती वाटायची. वरचा डॉक्टरांचा प्रतिसाद वाचल्यावर वाटतंय, चार पोरांच्या घरात कंद-बिया येऊ नयेत म्हणून कुणीतरी घातलेली ही साधी खबरदारीच असणार. 'विष आहे' म्हटलं तर पोर चाखून बघेल. 'भांडणं लागतात' म्हटलं की घरातली मोठी माणसंच दारात अडवतील.

पन्हळ | १३ ऑगस्ट, सकाळी ९:२०

काजळवात, हे मला सुचलंच नव्हतं. आजी पण फुलं स्वतः आणायची आणि आम्हाला गडग्याच्या अलीकडे उभं करायची. मला वाटायचं चुलत्यांचा राग म्हणून.

मुक्काम चेन्नई | १३ ऑगस्ट, रात्री ८:००

हात-बोटांचं वाचून राहवलं नाही. ही तामिळनाडूची राज्य फुलवेल आहे, नाव सेंगांदळ. दोन हजार वर्षांमागच्या तमिळ संगम काव्यात ही कांदळ जागोजाग येते, डोंगरउतारांची, मुरुगन देवाची आवडती म्हणून. आणि तिथे कवी तिची उपमा कशाला देतात? बाईच्या हाताच्या बोटांना! अलिबागच्या आईला आणि तमिळ कवीला एकच दिसलं.

गावाकडे मात्र तिचं नाव कण्वलि किळंगु, म्हणजे डोळेदुखीचा कंद. फुलाकडे टक लावून बघितलं तर डोळे येतात अशी समजूत. तुमच्याकडे पोटात कळ, इकडे डोळ्यांत. एकूण 'लांब राहा' हा निरोप सगळीकडे सारखा.

कामानिमित्त तिरुप्पूर जिल्ह्यात मूलनूर-धारापुरम् बाजूला जाणं होतं, तिथे हिची चक्क शेती आहे. तारांवर चढवलेल्या वेलींचे वाफे, फुलांच्या दिवसांत शिवार पेटल्यासारखं दिसतं. पण कष्ट बघवत नाहीत. नैसर्गिक परागीभवनावर बी पुरेसं धरत नाही, म्हणून सकाळी सकाळी बायका फुलाफुलाशी जाऊन हाताने पराग लावतात. रोज, फुलं संपेपर्यंत. पीक म्हणजे बी, कंद नव्हे. ते औषधांच्या कारखान्यांकडे जातं, बरंचसं परदेशी. भाव मात्र व्यापारी ठरवतो. एका शेतकऱ्याने हसत सांगितलं, "हे खाऊन मरायला काही खर्च नाही, लावून मरायला भरपूर आहे." भाषांतर माझं, हसू त्याचं.

पेरणीपत्रक | १३ ऑगस्ट, रात्री ९:४४

अवांतर, पण कृषीच्या विद्यार्थ्याला गप्प बसवेना. पेशीविभाजन अडवण्याच्या ज्या गुणामुळे हे विष, त्याच गुणामुळे ते आमच्या प्रयोगशाळेत असतं. विभाजन अर्ध्यात अडकलं की पेशीत गुणसूत्रांची संख्या दुप्पट होऊन बसते. १९३७ पासून वनस्पती पैदासकार कोल्चिसिन यासाठीच वापरतायत. उन्हाळ्यात मिळणारं बिनबियांचं कलिंगड आठवा. त्याची एक पालक जात गुणसूत्रं अशी दुप्पट करून तयार केलेली असते. शिवाय कंबरेत उसण भरल्यावर जी थायोकोल्चिकोसाइडची गोळी लिहून देतात, ती कळलावीच्या बियांतल्या द्रव्यापासूनच बनवत आले आहेत. तमिळनाडूचं बी अशा ठिकाणी जातं.

ट्यूलिपनगर | १४ ऑगस्ट, रात्री १:१०

इथे नेदरलँड्सला फुलवाल्याकडे ही फुलं सर्रास मिळतात. मी हौसेने आणली, व्हिडिओ कॉलवर आईने बघितली आणि "बाहेर ठेव आधी!" सुरू झालं. बाहेर दोन अंश तापमान. शेवटी पुष्पगुच्छ बाल्कनीत आणि मी घरात, अशी आमची तडजोड झाली. भांडण झालंच, नोंद असावी.

झिंबाब्वेचं हे राष्ट्रीय फूल. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथ तिकडे, तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियात गेल्या असताना या फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच त्यांना भेट दिला होता. राजघराण्यात पुढे काय काय लागलं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

सड्यावरचा | १४ ऑगस्ट, सकाळी ६:३०

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर उलटा प्रकार आहे. तिथे बागेसाठी नेलेली ही वेल वाळूच्या टेकड्यांवर पसरली आणि आता उपद्रवी तण म्हणून उपटतात. आपल्याकडे मात्र गडगे जाऊन सिमेंटच्या भिंती आल्या, कुंपणं जेसीबीने साफ झाली आणि वैदूंना विकायला कंद उकरून नेणारे वाढले. माझ्या नेहमीच्या वाटेवर पूर्वी ज्या दहा-बारा वेली मोजायचो, तिथे गेल्या पावसाळ्यात तीन होत्या. बी टाकून वाढवू म्हणाल, तर रुजायला महिनोन्महिने आणि फूल यायला तीनेक वर्षं. कंद उकरला की तेवढा धीर कोण धरणार?

संपादक मंडळ | १४ ऑगस्ट, सकाळी ११:००

औषधाचं प्रमाण विचारणारे आणि सांगणारे चार प्रतिसाद उडवले आहेत. 'मी खाल्ली, मला काही झालं नाही' हाही त्यातलाच एक होता. कृपया.

पन्हळ | २८ सप्टेंबर, रात्री ९:५०

धागा वर आणतेय. गणपती पार पडले. भाचीला डॉक्टरांनी सांगितलं तसं दूर ठेवलं, बोंडं कात्रीने काढून जाळली. गौरीला हात वाहिले. वहिनी (दादाची बायको) गडग्यापलीकडून बघत होत्या. मी दोन फुलं पुढे केली, त्यांनी मागे वळून दादा आहे का ते पाहिलं आणि पदराखाली घेतली.

दादाचं मत कायम. निघताना म्हणाला, "तू पुण्याला गेलीस की मी बघतो तिच्याकडे."

पन्हळ | ३० नोव्हेंबर, दुपारी १२:१५

बघितलं त्याने. गडग्याचे ढासळलेले दगड पुन्हा रचायला माणूस लावला (न विचारता, पण तो विषय वेगळा) आणि करवंदीसकट सगळं कुदळीने खणून काढलं. गेले तेव्हा नुसते स्वच्छ दगड होते. वाईट वाटलं. सड्यावरच्यांना काय सांगायचं म्हणून दोन आठवडे इथे लिहिलंच नाही.

सड्यावरचा | ३० नोव्हेंबर, दुपारी ३:४०

असू द्या. कंद खोल असतो, वीतभर खालीही सापडतो. जूनपर्यंत कुठलाही निष्कर्ष काढू नका.

पन्हळ | २३ जून, रात्री ८:३५

मंडळी!

आज सकाळी दादाचा फोटो आला मोबाईलवर. शब्द एकही नाही. गडग्याच्या त्याच्या बाजूला, दगडांतून वर आलेला हिरवा कोंब, टोक वळलेलं. मी परवाच गावी आले होते, म्हणून छत्री घेऊन मागे गेले. आमच्या बाजूला, हातभर अंतरावर, तसाच दुसरा.

मी पण फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. चौदा वर्षांत, कागदपत्रांवरचा सोडला तर, हा त्याचा पहिला अंगठा.

सड्यावरचा | २३ जून, रात्री ९:०५

कुदळ बरोबर मधोमध लागलेली दिसते! दुबेळक्याची दोन टोकं, दोन्हींना डोळे. तुटून दोन बाजूंना पडले आणि दोन्ही रुजले. लागवड करणारे हेच मुद्दाम करतात. दादांचे आभार माना.

उंटावरचा शहाणा | २३ जून, रात्री ९:१२

आता कंदाची फेरमोजणी.

खलबत्ता | २३ जून, रात्री ९:३०

दोन्ही बाजूंनी काट्याची झाप घाला. भाची आता पाच वर्षांची झाली असेल, हात जास्त लांब पोचतो.

पन्हळ | ४ ऑगस्ट, सकाळी ७:४०

झाप घातली, दोन्हीकडून. पलीकडची वहिनींनी घातली.

दादाच्या बाजूच्या वेलीला कळी आधी आली आहे. हे मी इथेच सांगतेय, तिकडे कबूल करणार नाही.